मिटलेल्या तोंडातलं वाक्य

कागोया बोलायला लागली की धक्क्यावरचे बगळे उडतात, असं लोक तिच्या पाठीमागं म्हणायचे. पुढ्यात म्हणायची कुणाची छाती नव्हती. अंगानं आडवी, गुडघ्यांनी अधू, आणि तोंडानं अशी की परगावचे व्यापारी तिच्या वाळवणापाशी आले की आधी एकमेकांकडं बघून घ्यायचे. मुकेने म्हणजे करंगळीएवढी चंदेरी मासळी. ती धुवायची, जुन्या जाळ्यांवर पसरायची, कोंबड्या आणि बगळे हाकलत दिवसभर उन्हात वरखाली करायची, हा तिचा धंदा. बाकीच्या बाया सरळ वाळूवर पसरायच्या. वाळूवर पसरणारीला कागोया बाई मानत नव्हती. "खाणाऱ्याचं दात काय हिच्या बापानं दिल्यात?" हे ती येताजाता ऐकवायची, आणि ऐकणारीनं मान खाली घालून ऐकून घ्यायचं.

नवरा तापानं गेला तेव्हा पोरगा मुकोसे नुकता वल्हं धरायला लागला होता. कागोयानं रडणं लवकर उरकलं आणि मासळीच्या पैशातून एकामागून एक दोन होड्या बांधून घेतल्या. समुद्राएवढ्या तळ्याच्या त्या काठावर त्यात नवल काही नाही. तिथं बाया होड्यांच्या मालकिणी असतात. गडी ठेवतात, काठावर उभ्या राहून वाटा घेतात, आणि कमी आला तर शिव्या देत गड्याच्या आईपर्यंत जातात.

मग तो लांबीचा नियम आला. अठ्ठावीस फुटांच्या आतली होडी पाण्यात दिसायची नाही. लहान होड्या पिल्लं धरतात, तळं रिकामं होतं, असं वरच्यांचं म्हणणं. म्हणणं खोटंच होतं असंही नाही, पण लांब होडीला लागणारं लाकूड आणि इंजिन आणायचं कुठून, ते सांगायला कुणी आलं नाही. आले ते गस्तवाले. कागोयाची एक होडी त्यांनी काठावरच पेटवली. मुकोसे आडवा गेला, तर त्याला पालथा पाडून तळपायांवर मारलं. मका कापणीला येईस्तोवर तो टाचांवर चालत होता. दुसरी होडी तेवढी वाचली. ती खाडीच्या तोंडाशी लव्हाळ्यात होती. कागोयानं त्याच रात्री गड्यांकरवी तिच्यात दगड भरून ती बुडवून ठेवली. तेव्हापासून ती तिथं पाण्याखाली होती, आणि मुकोसे दुसऱ्याच्या लांब होडीवर मजुरीनं जात होता. जाताना-येताना लव्हाळ्याकडं बघायचा. आईशी बोलणं त्यानं कामापुरतं ठेवलं होतं.

निवडणूक लागली तेव्हा कागोयानं जाहीर करून टाकलं, की आपण मत देणार नाही. "रांगंत उभं ऱ्हायाला माजं गुडघं काय त्येंच्या पक्षाचं हायेत?" असं म्हणाली आणि विषय संपवला.

पण टीव्हीवरच्या वादसभेचं निघालं आणि सगळा धक्काच तिकडं वळला. उभे राहिलेले तिघं पुढारी एका मंचावर येणार, समोरासमोर बोलणार, आणि सगळा देश बघणार. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. सभा इंग्रजीत होती. धक्क्यावर इंग्रजी येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, त्यात अस्खलित असा एकच, व्हीजे बालिदावा.

बालिदावा हा कागोयाच्या चुलतभावाचा मुलगा. धक्क्याच्या वरच्या अंगाला त्याचा पत्र्याचा व्हिडिओ-हॉल. तिथं परदेशी सिनेमे लागत आणि हा टीव्हीशेजारी माइक घेऊन बसून चालू सिनेमातच सगळं आपल्या भाषेत सांगायचा. हिरो, व्हिलन, हिरोची आई, पोलीस, सगळ्यांचे आवाज एकटा काढायचा. हिरोला एक गोळी लागली तर हा तीन लावायचा. चिनी म्हाताऱ्याच्या तोंडी आपल्याच धक्क्यावरच्या उधारखोराचं नाव घालायचा. लोक त्यासाठीच तर यायचे. शेजारच्या गावात नवा सिनेमा लागला, तरी तिथला व्हीजे कोरडा सांगतो म्हणून माणसं इकडं चालत यायची. कुठला शब्द सिनेमातला आणि कुठला बालिदावाचा, हे कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं कारणही नव्हतं.

रविवारी दुपारी हॉल भरला. बाकं पुरली नाहीत, उलटे क्रेट मांडले, तेही पुरले नाहीत. कागोया एरवी हॉलची पायरी चढत नसे. त्या दिवशी गुडघ्यांच्या नावाखाली तिनं टीव्हीपुढची पहिली जागा घेतली आणि पदरात भाजलेले शेंगदाणे घेऊन बसली. मुकोसे मागं, दाराशी, आपल्या जोडीदारांत उभा.

बालिदावानं माइक फुंकून बघितला आणि सांगितलं, की आज सिनेमा नाही, आज जसंच्या तसं.

मागून एकानं विचारलं, "पर हिरो कोण ते तरी सांग की आधी."

"आज हिरो न्हाई. आज तिघंबी व्हिलन धरून चाला."

हॉल हसला. मंचावर तिघं होते. सत्तेवरचा चष्मेवाला, त्याच्या डाव्या हाताला एक डॉक्टरीणबाई, आणि उजव्या हाताला एक कोवळा सुटातला गडी, ज्याला लोकांनी लगेच 'जावई' म्हणायला सुरुवात केली. प्रश्न विचारणारी बाई खुर्चीत बसलेली. बालिदावानं चौघांचे चार आवाज धरले. चष्मेवाल्याचा जड आणि सावकाश, डॉक्टरीणबाईचा तुटक, जावयाचा घाईचा.

रस्त्यांचं झालं. देशावरच्या कर्जाचं झालं. जमिनीतून निघणाऱ्या तेलाचं तर इतकं झालं, की एक म्हातारा उठून लघवीला जाऊन आला तरी तेल चालूच. डॉक्टरीणबाईनं दवाखान्यांचं बोलून चष्मेवाल्याला दोनदा गप्प केलं, तेव्हा बायांच्या बाजूनं टाळ्या पडल्या. जावयानं मोठमोठे आकडे सांगितले. लोक ऐकत होते, पण कान आत कुठंतरी दुसऱ्याच गोष्टीसाठी लागलेले होते. हॉलमधल्या प्रत्येक गड्याचं काही ना काही जळलं होतं, नाहीतर बुडवलेलं होतं. दर नव्या प्रश्नाला माणसं पुढं वाकायची, आणि प्रश्न शाळांचा निघाला की पुन्हा मागं टेकायची. बालिदावाचा आवाज उतरत चालला होता. घाम मानेवरून शर्टात जात होता.

शेवटी प्रत्येकाला समारोपाचं बोलायला दिलं. जावई बोलला, डॉक्टरीणबाई बोलली. सगळ्यात शेवटी चष्मेवाला. देश, एकी, देव, असं नेहमीचं झालं. आणि मग बालिदावाच्या त्या जड, सावकाश आवाजात आलं:

"आणि तळ्याकाठच्या माझ्या माणसांनो, तुमची लहान होडी आजपासून पाण्यात घाला. तिला हात लावील त्याचा हात मी धरीन."

बाकं उलटली. माणसं एकमेकांच्या अंगावर पडली, कुणी पत्र्यावर मुठी आपटल्या. सत्तेवरचा माणूस बोलला होता, सगळ्या देशाला साक्षी ठेवून, आणि शेजारी उभ्या दोघांनी नाही म्हटलं नव्हतं. आजपासून म्हणाला होता. पुढचं ऐकायला कुणी थांबलं नाही. दारातून सगळ्यात आधी मुकोसे बाहेर पडला.

कागोयाच्या पदरातले शेंगदाणे सांडले. मत देणार नाही म्हणणारी बाई, तिचं मत त्या वाक्याला जागच्या जागी ठरून गेलं. गुडघ्यांमुळं तिला उठता येईना, आणि उठायची घाईही नव्हती. हे बोललं ते तोंड नीट बघून घ्यावं, म्हणून तिनं टीव्हीकडं बघितलं.

तोंड मिटलेलं होतं. चष्मेवाल्यानं पाण्याचा ग्लास ओठाला लावला होता आणि तो सावकाश पीत होता. गळ्यातली घाटी वर-खाली होत होती. आणि बालिदावा अजून त्याच्याच आवाजात सांगत होता, की जाळी परत देऊ, जळालेल्याची भरपाई देऊ.

तिनं मान वळवून भाच्याकडं बघितलं. त्यानं तिचं बघणं बघितलं, आणि माइक बंद केला.

हॉल रिकामा झाला होता. बाहेर जनरेटर तेवढा चालू. कागोयानं विचारलं, "ते त्यो बोलला, का तू?"

बालिदावा वायर गुंडाळायला लागला. म्हणाला, की आत्या, आपण मागून येतो, आधी तो बोलतो मग मी बोलतो, तोवर तो पाणी पितो, नाक पुसतो, काय वाट्टेल ते करतो.

"मग पाणी प्याच्या आधी त्यो काय बोलला त्ये सांग. त्याच्या सबदात सांग. विंग्रजीत सांग, मला न्हाई कळलं तरी चालंल."

वायर त्याच्या हातात गुंतली. ती सोडवत त्यानं खाली बघूनच सांगितलं, "देव देशाचं भलं करो म्हणाला. संपलं तितंच."

"आन् तळ्याचं?"

"तळ्याचं कुणी काय बोललंच न्हाई, आत्या. कुणी इचारलंबी न्हाई. दोन तास मी वाट बघितली. पलीकडं तेल, रस्तं, आन् हितं ही समदी माझ्या तोंडाकडं बघत्यात. आता येईल, मग येईल. शेवटचा माणूस बोलायचा थांबला, तरी न्हाई. मग त्यानं जे बोलाय पायजे हुतं त्ये म्या बोललो."

कागोयानं भिंतीला हात लावून स्वतःला उभं केलं. शिवी तिच्या तोंडात आली होती, पण ती तिनं दिली नाही. एवढंच म्हणाली, "चल काठावर. सांग त्यांस्नी."

तो हलला नाही. हॉल पेटवतील, म्हणाला. दात पाडतील. आणि पुन्हा कोण ऐकायला येईल आपलं? वर म्हणाला, आज रविवार आहे, गस्तवाले रविवारी येत नाहीत.

"मागल्या बारीला काय वार हुता?"

बालिदावा पुन्हा वायर गुंडाळायला लागला. मागल्या वेळीही रविवारच होता. कागोया एकटीच निघाली.

हॉलपासून खाडीच्या तोंडापर्यंत उतार आहे, आणि उतारावर तिचे गुडघे चढापेक्षा जास्त दगा द्यायचे. वाटेत बाया कंदिलांत तेल भरत होत्या. मुकेने अंधारात दिव्याला येते, त्यामुळं सूर्य पाण्याला टेकायच्या आत निघावं लागतं. एकीनं तिला हाक मारून आनंदाची आरोळी दिली. कागोया तिच्याकडं न बघता पुढं गेली. सूर्य हातभर वर होता.

ती पोचली तेव्हा बुडवून ठेवलेल्या तीन होड्या वर आल्या होत्या. वर्षभर पाण्याखाली राहून काळ्या पडलेल्या, शेवाळानं बुळबुळीत, पण धड. गडी आतले दगड काढून फेकत होते, डबड्यांनी पाणी उपसत होते. गाणी चालली होती. धक्क्यावरच्या वांदेराची होडी निघायच्या बेतात होती, ओग्वांगची तिच्यामागं. तिसरी कागोयाची. मुकोसे कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून फळ्यांच्या फटी चाचपत होता, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी चांगलं होतं.

"जाऊ नगा," कागोया काठावरून ओरडली. "त्यो बोललाच न्हाई. त्यो पाणी पीत हुता. बालिदावानं पदरचं घातलंय."

आधी कुणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा हसले. वांदेरानं होडीतूनच विचारलं, की कागोयाबाई, चष्मेवाल्यानं पाणी पिऊन बोलायचं का न पिता, हे पण आता तुम्हांला विचारायचं काय. दुसरा म्हणाला, व्हीजे मागूनच येतो, हे पोराटोरांना माहीत आहे. तिसरा म्हणाला, बाईनं जन्मात पहिल्यांदा टीव्ही बघितला, म्हणून असं झालं.

"भाच्यानं सोता सांगितलं मला."

"मग कुठं हाय भाचा?" ओग्वांगनं विचारलं. "आणा की त्याला."

कागोयानं मागं बघितलं. उतारावर कुणी नव्हतं.

मुकोसे वर आला. हळू आवाजात बोलला, पण सगळ्यांनी ऐकलं. "आये, तुला विंग्रजी कवापासनं याला लागलं?" आणि मग, कुणी हसायच्या आत, "मार खाल्ला म्या. भ्यायचं का न्हाई ते मी ठरवीन. तू वरीसभर माझी होडी बुडवून ठेवलीस. आता बास."

"होडी माझी हाय."

"आसंल. वल्हं माझं हाय."

वांदेराची होडी सुटली. ओग्वांगची तिच्यामागोमाग. काठावरच्यांनी आरोळी दिली. मुकोसेच्या दोघा जोडीदारांनी जाळं उचलून आत टाकलं, कंदील आत ठेवले. आता तिघं चढले की झालं.

कागोया पाण्यात शिरली. लुगडं भिजलं, गुडघ्यांना गार लागलं, तशी ती पुढं गेली. लोकांना वाटलं पोराला हातानं धरून ओढणार, म्हणून पुन्हा हसण्याची तयारी झाली. तिनं पोराला हात लावला नाही. होडीची कड दोन्ही हातांनी धरली, पोट कडेवर टाकलं, आणि मासा आत पडावा तशी आत पडली. मग उठून मधल्या फळीवर बसली.

हसणं तोंडातच राहिलं. बाया होड्या बांधतात, विकतात, गड्यांना शिव्या देतात, पण बाई होडीत पाय ठेवत नाही. बाई चढलेल्या होडीला मासा येत नाही. ती धुऊन, धूप घालून, बकरं कापून पुन्हा पाण्यात घातली, तरी वल्हवायला गडी मिळायची मारामार. हे कागोयाला तिथल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. तिनंच दोनदा नव्या बायांना काठावरून हाकललं होतं, कडेला नुसता हात लावला म्हणून.

जोडीदारांतल्या थोरल्यानं आपलं वल्हं उचललं आणि तो काठावर आला. दुसऱ्यानं जाळं काढून घ्यावं की नाही याचा विचार केला, आणि ते तिथंच ठेवून तोही आला. मुकोसे एकटा पाण्यात उरला. त्यानं होडीची कड धरली.

"उतर."

ती बसून राहिली.

"उतर, आये. न्हाईतर पालथी करीन."

"कर. पवायला येत न्हाई मला. कर."

त्यानं कड खाली दाबली. होडी कलली, कंदील घरंगळत तिच्या पायाशी आले. तिनं फळी दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि त्याच्याकडं बघत राहिली. मुकोसेनं होडी न इकडं न तिकडं अशी धरलेली. मग त्यानं ती सोडली. होडी दोनचार हेलकावे खाऊन सरळ झाली. त्यानं पाण्यावर थाप मारली आणि तोंड फिरवलं.

सूर्य गेला. खाडीबाहेर दोन कंदील लागले, एक पुढं, एक मागं.

उतारावरून सायकल आली. बालिदावा ती हातानं ढकलत होता. मागच्या कॅरियरवर बॅटरी, आणि पुढच्या दांडीला सिनेमाच्या जाहिरातीचा कर्णा बांधलेला. लोकांनी वाट दिली. कागोयाला होडीत बसलेलं बघून तो थबकला. कुणाला काही सांगावं लागलं नाही. काय झालं ते एका नजरेत त्याला कळलं. त्यानं कर्ण्याचं तोंड पाण्याकडं केलं आणि माइक तोंडाजवळ धरला. आवाज फुटला, आणि तो त्याचा स्वतःचा होता. कुणी फारसा ऐकलेला नव्हता तो. बारीक निघाला.

"वांदेराभाऊ, ओग्वांगभाऊ, मागं फिरा. तळ्याचं त्ये म्या बोललो. त्यो काय बोलला न्हाई. तळ्याचं कुणीच काय बोललं न्हाई."

शब्द पाण्यावरून गेले. काठावरच्या एकानं त्याची मानगूट धरली, दुसऱ्यानं सोडवली, की आधी बोलू दे. एका म्हाताऱ्यानं खरोखरच न कळून विचारलं, "आता ह्ये कोण बोलतंय? तू, का टीव्हीतला?"

"मी, बाबा. ह्ये मी."

वांदेराची बायको डोक्याला हात लावून वाळूत बसली. कुणीतरी म्हणालं, मग आता मत तरी कुणाला द्यायचं. कागोया होडीतून म्हणाली, त्ये मागनं बघू, आधी माणसं पाण्याभायेर येऊ द्या.

बालिदावानं पुन्हा तेच सांगितलं, आणि पुन्हा. मागचा कंदील थांबल्यासारखा झाला. बराच वेळ तो एका जागी हलत राहिला, आणि मग मोठा होऊ लागला. पुढचा तसाच चालला होता, बारीक होत. वारा तिकडून इकडं होता. गस्तवाल्यांच्या इंजिनाचा आवाज येतोय का, म्हणून सगळे कान देऊन उभे होते, आणि प्रत्येकाला येतोय असंच वाटत होतं.

"फुडल्यात कोण कोण हाय?" कागोयानं विचारलं.

मुकोसेनं नावं सांगितली. आईकडं न बघता सांगितली. मग तो पाण्यातून बाहेर आला, ओल्या हातानं बालिदावाच्या हातातला माइक घेतला, आणि एकेकाला नावानं हाका मारायला लागला.